'पहिली' हा शब्द जरा बाजूला ठेवा

बाई, तुमचा प्रश्न असा आहे: पाचवी-सहावीच्या मुलांना पुण्याच्या इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांबद्दल सांगायचंय, हातात चार तासिका आणि एक सहल आहे. गेल्या वर्षी तुम्ही पंधरा नावांचा तक्ता केलात, मुलांनी तो पाठ केला आणि आठवड्यात विसरून गेली. मग यंदा कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, आणि बालविवाह, विधवा, प्लेग हे दहा वर्षांच्या मुलांपुढे काढायचं की नाही?

तक्ता फसला याचं मला नवल वाटलं नाही. पेठांमधून मुलांना फिरवायला लागून मला अठरा वर्षं झाली आणि सुरुवातीची दोन-तीन मीही तक्त्यावरच काढली. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली कायद्याची विद्यार्थिनी. मुलांच्या कानाला हे क्रीडास्पर्धेच्या निकालासारखं लागतं: पहिली आली, बरं, टाळ्या, पुढची.

शिवाय हे 'पहिली' प्रकरण जरा खरवडलं की डळमळतं. भिडे वाड्यातली १८४८ ची शाळा म्हणजे देशातली मुलींची पहिली शाळा, असं आपण सर्रास ठोकून देतो. पण मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. आपल्या माणसांनी काढलेल्या अगदी सुरुवातीच्या शाळांपैकी एक, असं म्हणा; त्याने तिची किंमत तसूभर कमी होत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही झाल्या. एखादं चुणचुणीत पोर हे घरी जाऊन शोधतं आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात तुमची विकेट काढतं. माझी काढलेली आहे.

म्हणून हल्ली मी 'पहिली कोण' विचारतच नाही. मी विचारते, 'हिच्या सोबत कोण होतं?' या एका प्रश्नाने गोष्टी एकमेकींत गुंततात आणि मुलांना नावं पाठ करावी लागत नाहीत. खाली मी ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने लिहिते. तुम्ही हवा तसा फिरवा.

सावित्रीबाईंपासूनच सुरुवात करा, पण लुगड्यापासून. फोटोपासून नको. फोटोतल्या बाई मुलांना आजीसारख्या वाटतात. जन्म ३ जानेवारी १८३१, शाळा १८४८, वजाबाकी मुलांनाच करायला लावा. सतरा! एकदम वर्गात कुजबुज होते, कारण सतरा म्हणजे कोणाची तरी ताई. मग पिशवीतून लुगडं काढा. मी घरून जुनं सुती नऊवारी नेते. एका मुलाच्या हातात एक टोक, दुसरं टोक दुसऱ्याकडे, आणि 'चालत जा' म्हणते. फळ्यापासून निघालेलं पोर दाराबाहेर व्हरांड्यात पोचतं, सव्वाआठ मीटर. मग घडी घालून एकेकाला वजन बघू देते. शाळेत जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण-चिखल टाकत, म्हणून त्या एक लुगडं जादा बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत. हे वाक्य मी वजन हातात असतानाच सांगते, आधी नाही.

यानंतर बोलू नका. मुलांना विचारू द्या. मला आजवर आलेल्या प्रश्नांत दोन अस्सल होते. एका मुलीने विचारलं, 'मग त्यांनी ते शाळेतच का नाही ठेवलं? रोज कशाला न्यायचं?' मी म्हटलं, 'मळलेलं कोण धुणार आणि कुठे?' तिने विचार करून सांगितलं, 'म्हणजे रोज घरी जाऊन धुवायचं पण होतं.' धुण्याचा विचार मी स्वतः तोवर कधी केला नव्हता. दुसरा प्रश्न एका मुलाचा: 'शेण टाकणाऱ्यांची नावं काय होती?' ती कोणीच लिहून ठेवली नाहीत. त्या मुलाला ते फार अन्यायाचं वाटलं. 'त्यांना कोणी ओरडलंच नाही?' असं तो सहलभर विचारत राहिला.

आता 'सोबत कोण?'. जोतिराव मुलांना माहीत असतात. फातिमा शेख बहुधा नसतात. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखा एक धागा पक्का आहे. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं, त्यात फातिमाचा उल्लेख आहे: मी नसल्यामुळे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एवढंच. मुलांना सांगा की शाळा चालवणाऱ्या एका बाईची आठवण मैत्रिणीच्या पत्रातल्या या एका ओळीत टिकली. आणि विचारा, आपल्या स्नेहसंमेलनात पडदा ओढणारं पोर कोण होतं? फोटोत आहे का ते?

मग लगेच मुक्ता साळवे, कारण मुलांना मुलांची गोष्ट हवी असते. मुक्ता याच दांपत्याच्या शाळेतली, मांग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखांविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन अंकांत छापून आला. त्यातला युक्तिवाद सहावीच्या मुलांना पूर्ण समजतो: वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही म्हणता, मग आमचं धर्मपुस्तक कोणतं? पुस्तकच नाही तर आमचा धर्म कोणता, ते तरी देवाने सांगावं. शाळेत जाऊन तीन-चार वर्षं झालेल्या मुलीने मोठ्यांना हे विचारलं. माझा अनुभव, या गोष्टीनंतर वर्गातली गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. जात हा शब्द टाळू नका. टाळलात तर निबंधाचा अर्थच राहत नाही.

सावित्रीबाईंचा शेवट सांगायचा का? सांगायचा. १८९७ चा प्लेग, मुंढव्याचा पांडुरंग गायकवाड हा आजारी मुलगा, त्याला पाठीवर घेऊन त्या मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोचल्या. पांडुरंग वाचला, सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठलं. १० मार्चला त्या गेल्या. कोविडच्या वेळी ही मुलं अगदी लहान होती, पण घरातल्या गोष्टी ऐकलेल्या असतात, त्यामुळे साथ म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. वर्गात कोणाला पाठुंगळी घ्यायला लावू नका. एका शाळेत मी हा प्रयोग केला आणि दोन पोरं बाकावर आपटली. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून आठवतं.

पुढची गोष्ट एका फोटोपासून. १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला तो फोटो सहज मिळतो: तिघीजणी आपापल्या देशाच्या पोशाखात, आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तो नीट छापून न्या आणि नावं झाकून ठेवा. 'यातली पुण्याची कोण?' साडीवरून मुलं ओळखतातच. मग 'बाकीच्या दोघी कुठल्या?' यावर जो दंगा होतो तो होऊ द्या. तीन देशांतल्या तीन मुली एकाच कॉलेजात डॉक्टरकी शिकत होत्या, हे चित्रच इतकं घट्ट बसतं की 'पहिली' म्हणायची गरज उरत नाही.

आनंदीबाई तिथे पोचल्या कशा, याचा दुवा दातांच्या डॉक्टरकडे आहे आणि मुलांना तो भयंकर आवडतो. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कारपेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत एक मासिक चाळत बसल्या होत्या. त्यात गोपाळराव जोशींचं पत्र छापलेलं होतं: माझ्या बायकोला शिकायचंय. बाईंनी पत्ता टिपून घेतला आणि पत्र धाडलं. तीन वर्षांनी, १८८३ च्या एप्रिलमध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. एकट्या, म्हणजे घरचं कोणीही बरोबर नाही. उतरल्यावर राहायला कारपेंटरबाईंचं घर.

आता अवघड भाग. आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. मी हे तीन वाक्यांत, आवाज न बदलता सांगते. वगळून चालत नाही, कारण त्याशिवाय डॉक्टरच का व्हायचं होतं हे कळत नाही. मुलं दोन क्षण गप्प होतात. त्या गप्पपणात घाईने काही भरू नका. गोपाळरावांबद्दलही खरं सांगा: त्यांनी हट्टाने शिकवलं, आणि अभ्यासासाठी लहान वयात तिला मारलंही. पाचवीतल्या मुलांना हे दोन्ही एकाच माणसात मावतं हे आपल्यापेक्षा लवकर पटतं. एक मुलगा मला म्हणाला होता, 'आमचे आजोबा पण असेच होते.'

१८८६ च्या मार्चमध्ये पदवी, नोव्हेंबरात मायदेशी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू. वय बावीसही पुरं नाही. 'मग त्यांनी पेशंट बघितलेच नाहीत?' हा प्रश्न येणारच. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, पण तिथे रुजू व्हायच्या आतच सगळं संपलं. सरळ 'नाही' म्हणा. 'पण त्यांनी वाट दाखवली' वगैरे लगेच जोडू नका.

जोडायचंच असेल तर हे जोडा: फिलाडेल्फियाच्या त्या पदवीदान समारंभात प्रेक्षकांत पंडिता रमाबाई बसल्या होत्या. तिथून पुढची गोष्ट सुरू.

रमाबाईंची गोष्ट मुलांसाठी सोन्याची खाण आहे, आणि नेमकी तीच शाळांमधून कमी सांगितली जाते. धर्मांतर केलं म्हणून शिक्षक बिचकतात. मी तेही सांगते, 'इंग्लंडला गेल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला,' एवढ्या वाक्यात, आणि पुढे जाते. मुलांना त्यात काही खटकत नाही, खटकतं ते पालकांना. त्यांना द्यायचं उत्तर तेवढं तयार ठेवा. मुलांना खरी भुरळ पडते ती चालण्याची. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवतात म्हणून लोकांच्या रोषाला पात्र झालेले. सगळं कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत गावोगाव चालतं आहे. दुष्काळात आई-वडील जातात, आणि रमा भावासोबत चालतच राहते, थेट कलकत्त्यापर्यंत. १८७८ मध्ये तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. भिंतीवर भारताचा नकाशा लावा आणि दोऱ्याने ती वाट मुलांना आखायला सांगा. दोरा नेहमी कमी पडतो.

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या, कडेवर लहानगी मनोरमा. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि दुसऱ्याच वर्षी ते पुण्यात आणलं. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई. आता फळ्यावर बाण काढत जा: गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या. इंग्रजी शिकायचं म्हणून थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. धुणीभांडी करत इंग्रजी! ज्या मुलांच्या आया कामाला जातात, ती इथे मान वर करतात. हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर. तिथून बसने येणारं एखादं पोर तुमच्या वर्गात असणारच, त्याला मानाने उभं करा.

विधवापण समजावताना मी केशवपनावर रेंगाळत नाही. 'नवरा वारला की बाईचे केस कापत, तिला सणासुदीत बसू देत नसत, आणि यातल्या कित्येक तुमच्या वयाच्या मुली होत्या.' एवढं पुरे. रडवायचं नाही. रडलेल्या मुलाला गोष्ट आठवत नाही, आपण रडलो तेवढं आठवतं.

यानंतर हुजूरपागा, आणि इथे जरा हसू द्या. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. हुजुरांच्या, म्हणजे पेशव्यांच्या, घोड्यांच्या जागेवर १८८४ मध्ये मुलींची शाळा निघाली. 'म्हणजे घोडे कुठे गेले?' हा प्रश्न आला की समजा वर्ग जागा आहे. या शाळेसाठी झटणाऱ्या मंडळींत रमाबाई रानडे होत्या. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं, वाचता येत नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवायला घेतलं, तर घरातल्याच बायका इंग्रजी शिकते म्हणून टाकून बोलायच्या. मुलींना हे लगेच कळतं: अडवणारे दर वेळी बाहेरचे नसतात. दोन रमाबाईंचा मुलं गोंधळ करतात. मी एकीला 'चालणारी' आणि दुसरीला 'मोर्चावाली' म्हणते, कारण १९२० च्या सुमारास नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणातून मुलींना तूर्त वगळायचं घाटत होतं, तेव्हा रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यातल्या बायकांनी मोर्चा काढला. शाळेत जाऊ द्या म्हणून मोर्चा! यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण येईल म्हणून सांगते. या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडाडून टीका करणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते. केसरीवाडा तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. मोठा माणूस चुकला हे मुलांना सांगायचं का? मी सांगते: 'टिळकांनी स्वराज्यासाठी तुरुंग सोसला, आणि मुलींच्या शिक्षणाबाबत त्यांचं मत आज आपल्याला पटणार नाही.' मुलं मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. सोबत आलेल्या पालकांतलं कोणीतरी मात्र नंतर मला बाजूला घेतं.

चौथी तासिका डेक्कन कॉलेजची. येरवड्याची ती जुनी दगडी इमारत दाखवा, फोटोत तरी. १८८० च्या दशकात तिथे कॉर्नेलिया सोराबजी ही एकटी मुलगी शिकत होती. वर्गातली मुलं तिच्या तोंडावर दार लावून घ्यायची. मी वर्गाचं दार खरंच लावते, एका मुलीला बाहेर उभं करून, अर्धं मिनिट. (आधी तिला विचारून, आणि दार पुन्हा उघडायचं काम दार लावणाऱ्यालाच देऊन.) कॉर्नेलिया पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. इतक्या गुणांवर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण ती मुलगी म्हणून नाकारली. ओळखीच्या इंग्रज मंडळींनी पैसे उभे केले, ती ऑक्सफर्डला कायदा शिकली, १८९२ मध्ये परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. पुन्हा वजाबाकी. तीस वर्षं! निकाल लागून प्रगतिपुस्तक तीस वर्षांनी मिळालं, असं म्हणा, मुलं चवताळतात.

आणि त्याच दगडी इमारतीत १९३९ पासून इरावती कर्वे शिकवायला लागल्या. ब्रह्मदेशात जन्म, इरावती नदीवरून नाव, सातव्या वर्षी शिकायला धाडली ती हुजूरपागेत. पुढे हिंगण्याच्या त्याच कर्व्यांची सून. बाण आपोआप जुळतात, मुलंच ओरडून सांगतात. बर्लिनला त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. युरोपियनांच्या कवट्या वेगळ्या, वरचढ निघाव्यात अशी तिथल्या गुरूंची अपेक्षा होती. मोजमापात तसं काही दिसलं नाही, आणि विद्यार्थिनीने दिसलं तेच लिहिलं. पुण्यात त्या लॅम्ब्रेटा स्कूटरवर फिरायच्या. कवट्या आणि स्कूटर, याहून जास्त मुलांना काय हवं?

वेळ उरला तर केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी घ्या. पुण्याजवळच्या वढू गावात त्यांनी गावातल्याच साध्या माणसांना आरोग्याचं काम शिकवलं, १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मुलं थकलेली असतील तर सोडून द्या. जिजाऊंचा सोन्याचा नांगर मुलांना आधीच माहीत असतो, त्यावर वेळ घालवू नका.

एक विनंती: ३ जानेवारीला फक्त मुलींना नऊवारी नेसवून सावित्रीबाई करू नका. मुलांनाही काम द्या. पत्र टाकणारा, दार उघडणारा, लुगड्याची घडी घालणारा. लुगडं धरणाऱ्या मुलाला ती सव्वाआठ मीटर जन्मभर आठवतील.

सहलीचं म्हणाल तर गंज पेठेतल्या फुले वाड्यापासून सुरू करा, सकाळी आठला, उन्हाच्या आत. तिथे विहीर आहे, ती नीट बघू द्या. आपल्या घरचा हौद जोतिरावांनी सगळ्यांना खुला केला ती गोष्ट तिथेच सांगायची. मग भिडे वाडा. मूळ वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, त्या जागी स्मारक व्हायचं आहे, तेव्हा 'कुठेय वाडा?' या प्रश्नाची तयारी ठेवा. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून जुना फोटो हातात देते आणि मुलांना तो त्या जागेवर धरायला लावते. शेवटी लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागेपर्यंत, जोडीने हात धरून. फक्त मंगळवार आणि संकष्टी टाळा. भिडे वाड्याच्या समोरच दगडूशेठचा गणपती आहे, आणि त्या रांगेत चाळीस मुलं मोजणं माझ्याच्याने तरी झालेलं नाही.